पट्ट्यावरची परिक्रमा

“पण बुवा, पाय तर माझेच दुखले ना?”

मोरेश्वर आगाशांनी हा प्रश्न दारातच टाकला. गंगारामबुवांच्या पायातल्या वहाणाही अजून निघाल्या नव्हत्या. बुवांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि एक हात माझ्या खांद्यावर होता.

“आधी आत तर येऊ दे,” बुवा म्हणाले.

मिरजेला बुवांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. कोकणात परतायच्या आधी एक दिवस सांगलीला आगाशांकडे उतरायचं ठरलं. डोळ्यात घालायचे थेंब, पंचा आणि पिशवी सांभाळायला सोबत मी. खरं सांगायचं तर मला तिथे यायचंच नव्हतं. आगाशांनी फोनवर जे ऐकवलं होतं, त्याने माझं डोकं फिरलं होतं.

कारण असं. बुवा दर वर्षी थंडीत कोकणचा किनारा पायी चालतात. रेवसहून निघायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि पार रेडीपर्यंत जायचं. बरोबर आम्ही पाच-सहा जण. आम्ही तिला किनाऱ्याची परिक्रमा म्हणतो. ज्याने संकल्प सोडला त्याने ती पुरी करायची, आणि पुरी झाली की नाही हे बुवांनी सांगायचं. बुवा ‘झाली’ म्हणाले की झाली.

आगाशांनी संकल्प सोडला त्याला युगं लोटली. आधी पाटबंधारे खात्यातली नोकरी, मग मुलाचं शिक्षण, कधी बदली, कधी घरातलं लग्न. निवृत्त होऊन पायात बूट घालतात तोच छाती धरून खाली बसले. बायपास झाली. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, पण घरातल्या घरात. वाळू, चढ, ऊन, सगळं बंद.

मग मुलाने बंगलोरहून ट्रेडमिल पाठवली. समोर भिंतीवर टीव्ही, आणि त्यात आपला किनारा, कुणीतरी चालत जाऊन टिपलेला. पट्ट्यावर तुम्ही जितकं चालाल तितका किनारा पुढे सरकणार. आगाशे रेवसहून निघाले आणि वर्षभरात रेडीला पोचले. दिवाणखान्यातून.

आता घोडं अडलं होतं ते बुवांच्या एका शब्दापाशी.

रविवारी समाप्तीचं जेवण ठेवलेलं. नातेवाईक, कॉलनीतली मंडळी, खात्यातले जुने साहेब, झाडून सगळ्यांना आमंत्रणं गेली होती. कुमुदवहिनी, म्हणजे आगाशांच्या पत्नी, पाणी देऊन आत गेल्या, तेवढ्या वेळात आगाशांनी हे आम्हाला दोनदा सांगितलं. माणूस नुसता उतू चालला होता. कुठे सूर्यास्त दिसला, कुठे डॉल्फिन दिसले, कुठे पायाला फोड आला. फोडाची खूण दाखवायला त्यांनी मोजासुद्धा काढला.

मग एकदम आवाज खाली आला.

“डॉक्टर मला वाळूवर पाय ठेवू देत नाहीत, बुवा. या जन्मी जे काय चालायचं ते एवढंच. तुम्ही नाही म्हणालात तर... संकल्प तसाच घेऊन जायचं मी.”

मी मनात म्हटलं, आता बसणार तडाखा. बुवांनी भल्याभल्यांना फैलावर घेतलेलं मी पाहिलंय. एकदा एक वकील वाटेत रिक्षात बसले, तर बुवांनी त्यांना पुन्हा रेवसला धाडलं होतं.

बुवा उठले.

“दाखव,” म्हणाले.

आगाशांनी टीव्ही लावला. केळशीची वाळूची टेकडी समोर आली. बुवा एका डोळ्याने बघत राहिले. मग खुर्ची ओढून पुढे गेले, मग खुर्ची सोडून टीव्हीला नाक लागेल इतके जवळ गेले.

“अरे, हे सुरूचं झाड अजून पडलेलंच आहे,” म्हणाले. “ह्याच्यावर बसून आपण भाकरी खाल्ली होती की रे.”

खाल्ली होती खरी. मीही जरा पुढे सरकलो. उगाच खोटं कशाला बोला.

“मला चढव,” बुवा म्हणाले.

डोळ्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस. मी नको म्हटलं, थेंब घालायची वेळ झाली म्हटलं, डॉक्टर रागावतील म्हटलं. ऐकतोय कोण? आगाशांनी पट्टा अगदी हळू लावला, मी मागून कमरेला धरलं, आणि बुवा चालायला लागले.

समोर लाट आली. बुवांनी धोतराचा सोगा वर धरला आणि पट्ट्यावर डावीकडे सरकले. लाट ओसरल्यावर पुन्हा आपल्या जागेवर आले आणि मोठ्याने हसले. इतके हसले की आतून वहिनी डोकावून गेल्या. आगाशे तर लहान पोरासारखे टाळ्याच वाजवायला लागले.

बुवा खाली उतरले. पंचाने मान पुसली.

“छान आहे रे,” म्हणाले. “फार छान आहे.”

आगाशांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता बोला. मी कशाला बोलतोय? मला तर वाटलं, झालं, बुवा विरघळले. हातातोंडाशी आलेला घास होता तो.

“म्हणजे... झाली ना बुवा?”

बुवा खुर्चीत टेकले.

“खाडीला काय केलंस?”

इथेच आगाशे फसले. छाती फुगवून सांगायला लागले, की खाड्यांचा तर त्रासच नाही. चित्रात एक पाऊल अलीकडच्या काठावर, दुसरं पलीकडच्या. रेवसपासून रेडीपर्यंत एवढ्या खाड्या, पण एकही आडवी आली नाही. कुठली कधी गेली तेसुद्धा कळलं नाही.

“तुमच्या माणसांना दिवस दिवस ताटकळावं लागतं,” ते म्हणाले. “मला एकीनेही थांबवलं नाही.”



आमच्यात खाडी म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. आता बऱ्याच ठिकाणी पूल झालेत. पण बुवांची माणसं पुलावरून जात नाहीत. खाली काठावर बसतात. कोळ्यांची लहान होडी येईल तेव्हा येईल. ओहोटी असली तर चिखलातून ती काठाला लागत नाही, भरतीची वाट पाहायची. भरती आली तर होडीवाला नाखवा जेवायला गेलेला असतो. आणि आलेली होडी भरली, तर पुढच्या खेपेपर्यंत काठावरच. ओरडायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. नवा माणूस चालण्याने कधी दमत नाही, तो खाडीवर दमतो. अर्धे जण तिथूनच एसटी धरून घरी जातात.

“आंजर्ल्याची खाडी लाव,” बुवा म्हणाले.

आगाशांनी लावली. अलीकडे काळा चिखल, त्यात रुतलेल्या दोन होड्या, पलीकडे पाजपंढरीची घरं. बुवांनी चित्र तिथेच थांबवायला सांगितलं.

“उभा राहा.”

आगाशे पट्ट्यावर चढले. बोट बटणाकडे गेलं.

“पट्टा बंद.”

आगाशे बंद पट्ट्यावर उभे राहिले. आधी हसले, त्यांना ती गंमत वाटली. मग एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. मग घड्याळ पाहिलं.

“बुवा, किती वेळ?”

“होडी येईपर्यंत.”

“दिवाणखान्यात होडी कुठून येणार?”

“समुद्र आला ना?”



थोड्या वेळाने मशीनचे लाल आकडे आपोआप विझले. फार वेळ कुणी चाललं नाही की ते तसं झोपतं म्हणे. आगाशांचा हात सवयीने पुढे झाला.

“राहू दे,” बुवा म्हणाले. “ओहोटी आहे.”

आगाशांची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी रविवारचा विषय काढून पाहिला. आचारी ठरलाय, मांडववाला सकाळीच येणार. बुवांनी मान हलवली. मी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले. ते डोळा मिटून बसले. मग आगाशेही बोलायचे थांबले.

त्या घरात पट्ट्याची घरघर सदा चालू असणार. ती थांबल्यावर बाकीचे आवाज वर आले. कुकरची शिट्टी झाली. खाली कुणी स्कूटर लावली. आणि आतून सपातांचा आवाज येत होता, एकसारखा, जवळ येणारा आणि लांब जाणारा.

आगाशांनी कान दिला.

“आत कोण चालतंय?”

मी वाकून पाहिलं. कुमुदवहिनी स्वयंपाकघरातून गॅलरीत जात होत्या, गॅलरीतून परत स्वयंपाकघरात. पदर खोचलेला. ओट्याजवळ आल्या की भाजी हलवायच्या आणि पुन्हा वळायच्या.

मी तसं सांगितलं. आगाशे म्हणाले, काहीतरी आणत असेल. पण कान तिकडेच राहिला. कारण ती बाई काहीच आणत नव्हती आणि काहीच नेत नव्हती.

मग सपाता थांबल्या आणि वहिनी दारात आल्या. हातात कॅनव्हासचे बूट होते, पांढरे, कोरे करकरीत.

“आवाज थांबला म्हणून आले,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मशीन मोकळं झालं का? भात होईपर्यंत मी जरा...”

मग माझ्याकडे बघून ओशाळल्या आणि सांगायला लागल्या. साखर वाढली होती, त्यांनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. रस्त्यावर कुत्री अंगावर येतात. मुलाने बूट त्यांच्यासाठीही पाठवले होते, मशीनबरोबरच. पण यांची परिक्रमा चाललेली, मधेच उतरा कसं म्हणायचं? देवाचं काम. म्हणून आतल्या आत. हे सगळं त्यांनी अगदी सहज सांगितलं, तक्रारीचा शब्द नाही.

“थांब जरा,” आगाशे म्हणाले. “मी खाडीवर आहे.”

वर्षभराच्या सवयीने तोंडातून गेलं ते. मला हसू फुटलं आणि लगेच माझंच तोंड कडू झालं.

वहिनी म्हणाल्या, “बरं,” आणि वळल्या.

बुवांनी डोळा उघडला.

“मोरेश्वरा. होडीत आधी कोण चढतं?”

संकल्प सोडताना बुवा प्रत्येकाकडून हा नियम वदवून घेतात. आगाशांना तोंडपाठ होता. ते भराभर म्हणून गेले. “गावची माणसं आधी. टोपल्यावाल्या, शाळेची पोरं, कुणाची शेरडं असली तर ती. ज्यांचं पलीकडे काम आहे ते. परिक्रमेचा माणूस...”

आणि तिथे अडकले.

वहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या. बुटांच्या नाड्या खाली लोंबत होत्या.

“परिक्रमेचा माणूस?” बुवा म्हणाले.

“शेवटी,” आगाशे म्हणाले.

ते पट्ट्यावरून उतरले. बायपास झाल्यावर माणूस जसा पायरी चाचपत उतरतो, तसे उतरले. वहिनींच्या हातातले बूट घेतले आणि खाली बसून ते त्यांच्या पायात चढवायला लागले. वहिनी, “अहो, हे काय, पाहुण्यांसमोर,” म्हणत राहिल्या. आगाशांनी काही ऐकलं नाही.

वहिनी चढल्या. दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. आगाशांनी पट्टा सुरू केला. समोरचं चित्र हललं आणि एका पावलात पलीकडचा काठ आला.

“डोळे उघड,” आगाशे म्हणाले. “अगं, बघ तरी.”

त्यांनी उघडले.

“अगंबाई,” वहिनी म्हणाल्या. “समुद्र.”

वर्षभर तो त्यांच्याच घरात होता. त्यांनी तो स्वयंपाकघराच्या दारातून तिरका पाहिला असेल तेवढाच. आता एका हाताने दांडी सोडून त्या विचारायला लागल्या, हे दोऱ्यांवर काय वाळत घातलंय, ती बाई कुठे निघालीय, तो पाण्यातला किल्ला कुठला. आणि आगाशे पट्ट्याच्या बाजूने फरशीवर चालत होते, जागच्या जागी, हात हलवत. सुकत घातलेली मासळी ती, हे हर्णै, तो सुवर्णदुर्ग, आता पुढे वळण आलं की बघ काय गंमत आहे. त्यांना धाप लागली तरी तोंड थांबेना. वर्षभर एकट्याने पाहिलेलं सगळं बाहेर येत होतं. रेडीला पोचले त्या दिवशीसुद्धा हा माणूस इतका खूश झाला नसेल, पैज लावतो मी.

“थोडं जोरात लावा की,” वहिनी म्हणाल्या.

कुकरची पुढची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही, म्हणून मीच जाऊन गॅस बंद करून आलो.

परत आलो तेव्हा आगाशे बुवांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले होते. घाम पुसत होते आणि हसत होते. पण रविवार काही डोक्यातून गेला नव्हता. एवढी माणसं येणार, जुने साहेब येणार, आणि सगळे एकच विचारणार.

“बुवा, मग लोकांना काय सांगू? परिक्रमा झाली म्हणून की...”

बुवांचा उघडा डोळा टीव्हीवर होता. वहिनी हर्णैच्या बंदराला लागल्या होत्या.

“पोटभर जेवू घाल,” बुवा म्हणाले. “आणि विचारलंच कुणी, तर सांग... होडी भरली होती.”