‘मग’ कोणाचा?

ही हकीकत प्रज्योत रणपिसे याने गेल्या माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, विद्यापीठाच्या उपाहारगृहात सांगितली. जे घडले ते त्याच्याच बाबतीत घडले. ऐकणारा पाली विभागातील एक पदव्युत्तर विद्यार्थी होता. त्याने त्याच संध्याकाळी ती लिहून काढली. संवाद शक्यतो प्रज्योतच्याच शब्दांत ठेवले आहेत. लेण्याचे नाव त्याच्या इच्छेवरून गाळले आहे. ते जुन्नरच्या बाजूचे आहे, एवढे सांगण्यास हरकत नसावी.

“किती वेळ बोलायचं असतं तिथं?” भन्ते उपसेन यांनी विचारले.

“दहा मिनिटं, भन्ते.”

“आणि तेवढ्यात अख्खा सिनेमा सांगायचा?”

“सांगायचा नाही. विकायचा.”

भन्ते हसले. “अरे, मी भिक्षेवर जगणारा माणूस. मला काय विकतोस?”

प्रज्योत लहानपणी भन्तेंच्या रविवारच्या धम्मवर्गात बसत असे. आता तो चित्रपटाचे शिक्षण घेऊन आला होता. पारितोषिके मिळाली होती, आणि ती मिळाल्याचे डोंगर चढतानाच त्याने सांगून टाकले होते. पुण्यातील एका निर्मितीसंस्थेने त्याची कथा एकदा ऐकून नाकारली होती. येत्या मंगळवारी ते पुन्हा ऐकणार होते, त्यानंतर नाही.

कथा होती एसटी स्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या माणसाची. असा माणूस प्रज्योतच्या घरातच होता. वडिलांनी तालुक्याच्या स्टँडवर उभी हयात गाड्या पुकारल्या. घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गेला. पण पूर्वी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला त्यांचा आवाज स्टँडवर अजून रोज गाड्या पुकारत होता. दिवाळीला तिथे नवे यंत्र बसणार होते, आणि तो आवाज पुसला जाणार होता. चित्रीकरण व्हायचे तर त्याआधीच व्हायला हवे होते.

भन्तेंना हे सारे ठाऊक होते.

चैत्यगृहात दोघेच होते. उतरते ऊन कमानीतून आत येऊन स्तूपाच्या पायाशी थांबले होते.

“भन्ते, इथं आवाज फार घुमतो. बाहेर बसू या?”

“घुमू दे. त्या लोकांच्या डोक्यात काय कमी घुमत असेल?”

प्रज्योतने लॅपटॉप उघडला आणि सुरुवात केली.

“नायक वसंत. वय साठ. मग एक दिवस त्याचा आवाज जातो. मग मुलगा शहरातून परत येतो. मग दोघांत संघर्ष होतो. मग...”

भन्ते खाली बसून जमिनीवरचे खडे वेचत होते. एक वेचायचे, बाजूला ठेवायचे. थांबायचे. पुन्हा एक.

पहिले वाक्य छताला लागून परत येई तोवर तिसरे निघालेले असे. शेवटी शेवटी तर प्रज्योतला स्वतःचेच बोलणे ऐकू येईना. तो थांबला, तरी लेणे बराच वेळ गर्जत राहिले...

“कसं वाटलं?”

“मला वाटलं, वटवाघळं उठली.”

प्रज्योतचा चेहरा उतरला. “भन्ते, ह्याच सादरीकरणाला दिल्लीत पहिलं बक्षीस मिळालंय.”

“हो का? चांगलं झालं.”

भन्तेंनी खड्यांचा ढीग दोन्ही हातांनी त्याच्याकडे सरकवला. “हे घे. तुझे आहेत.”

“काय आहे हे?”

“तुझे ‘मग’.”

...

“एखादा तरी माझ्या वाट्याला येईल म्हणून बसलो होतो,” भन्ते म्हणाले. “तू सगळेच उचललेस.”

प्रज्योतने एक खडा उचलून पाहिला.

“रविवारी गोष्ट सांगताना मी मध्येच थांबलो, की कोण ओरडायचं?”

“आम्ही.”

“काय ओरडायचात?”

प्रज्योत खड्यांकडे पाहत होता.

“आता एकच वाक्य बोल,” भन्ते उठत म्हणाले. “ते लेण्यातून पुरतं निघून जाईपर्यंत दुसरं बोलायचं नाही.”

त्यांनी आपले भिक्षापात्र उचलले आणि ते पाण्यासाठी बाहेरच्या पोढीकडे, म्हणजे खडकात कोरलेल्या टाक्याकडे, निघाले.

“पण भन्ते, ऐकणार कोण?”

भन्ते तोवर कमानीबाहेर पडले होते.

प्रज्योतने लॅपटॉप मिटला. तोंड उघडले, तर ‘वसंत’ हे नाव जिभेवर येईना. जे आले त्याची त्याने कधीच तयारी केलेली नव्हती.

“माझे वडील रोज सकाळी स्टँडवर बसून स्वतःचा आवाज ऐकतात, आणि त्यांना त्याला ओ देता येत नाही.”

वाक्य कमानीला लागले. खांबांच्या रांगेतून फिरले. स्तूपाच्या मागे गेले आणि लहान होऊन परतले... शब्द गळून पडले, नुसता सूर राहिला... तोही दगडात शिरला.

इतकी शांतता त्याने पूर्वी कधी ऐकली नव्हती. ऊन स्तूपावर चढले होते. त्याचे हात आपोआप जोडले गेले. पुढचे वाक्य ओठांपर्यंत आले होते. पण ते उच्चारण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्याला वाटले.

तो थांबला...

आणि स्तूपाच्या बाजूने, अगदी हळू, कोणीतरी म्हणाले,

“मग?”

प्रज्योत धावत बाहेर आला. भन्ते पोढीशी वाकले होते. पात्र अर्धे भरले होते.

तो प्रतिध्वनी म्हणावा, तर त्याच्या वाक्यात तो शब्द नव्हता. आवाज ओळखीचा वाटला, एवढेच प्रज्योत सांगतो. कोणाचा, ते सांगत नाही. त्याने तिथेच भन्तेंना त्रिवार वंदन केले आणि काही न विचारता तो डोंगर उतरला.

मंगळवारी टेबलापलीकडे तिघे होते. प्रज्योतने तेच वाक्य उच्चारले आणि तो थांबला. एसीची घरघर ऐकू येत होती. एकाचा फोन थरथरला; त्याने न पाहताच तो पालथा घातला. वाक्य खोलीतून निघून जाण्याची प्रज्योत वाट पाहत होता.

शेवटी त्यांतल्या ज्येष्ठ बाई पुढे सरकल्या.

“अहो, थांबलात काय? ओ देता येत नाही, तर ते करतात काय?”

बाकीचा चित्रपट त्याने त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत सांगितला. दिवाळीआधी स्टँडवर कॅमेरा उभा राहिला. वडील नेहमीच्या बाकावर बसले होते. वर कर्ण्यातून ते नारायणगावची गाडी पुकारत होते.

या हकीकतीतील स्टँड, चित्रीकरण आणि बैठक यांची खातरजमा झाली आहे. चैत्यगृहातला तो शब्द कोणाचा, हे मात्र पडताळता आलेले नाही. त्यासाठी ही नोंद करणारा विद्यार्थी फाल्गुनात भन्तेंना जाऊन भेटला. ऐकले होते ते सारे त्याने, काही न गाळता, क्रमाने सांगितले. भन्ते डोळे मिटून ऐकत होते. पोढीच्या प्रसंगापर्यंत आल्यावर त्याने विचारले, “भन्ते, तो शब्द आपला होता का?”

आणि तो थांबला...

बऱ्याच वेळाने भन्तेंनी डोळे उघडले.

“मग?”