वाघरीखालून आला तो लांडगा

फार फार पूर्वीची म्हणावी इतकी काही ही गोष्ट जुनी नाही. पण तेव्हा पाहुणे सांगून यायचे आणि लांडगे न सांगता, म्हणजे बऱ्यापैकी जुनी आहे.

एका उजाड माळावर मेंढपाळांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे भिंती-दरवाजे नव्हेत. चार बिऱ्हाडं, सामान वाहणारी घोडी आणि सगळ्यांची मिळून एकत्र मेंढरं. मेंढरांभोवती दोरांची जाळी लावायची, तिला वाघर म्हणतात. माळावर गवत इतकं विरळ होतं की वरून जाणारा कावळासुद्धा घरून शिदोरी बांधून निघायचा.

या वाड्याचा कारभारी एक धिप्पाड मेंढका होता. त्याच्या मिशा मोठ्या, आवाज मिशांपेक्षा मोठा आणि बाता आवाजापेक्षा मोठ्या. चार बिऱ्हाडांतलं एक बिऱ्हाड त्याच्या विधवा आत्याचं. आत्याची मेंढरं मोजकीच. त्यातली एक कान तुटलेली म्हातारी मेंढी तिची फार लाडकी.

मेंढक्यानं राखणीसाठी एक कुत्र्याचं पिल्लू आणलं. अंगावर काळे-पांढरे ठिपके, म्हणून नाव काबऱ्या. पिल्लू इतकं गुबगुबीत की ते चालायला लागेपर्यंत तोंड कुठल्या बाजूला आहे हे कळत नसे. मेंढक्याला त्याचं भारी कौतुक. काबऱ्या चुलीपाशी झोपे, मेंढक्याच्या ताटातली भाकरी खाई आणि पोट भरलं की मेंढरांत धुमाकूळ घाली. दिसलं कोकरू की धर तंगडी, दिसली मेंढी की ओढ लोकर.

"शिकारी रक्त आहे," मेंढका मिशांना पीळ देऊन सांगे.

"मग लांडग्यांकडे ठेव त्याला," आत्या म्हणे. "तिथं नाव काढील."

एके दिवशी दिवेलागणीला लांडगा आला. वाघरीखाली जमीन उकरून आत शिरला. काबऱ्यानं त्याला पाहिलं मात्र, आणि अंगावरचे सगळे केस उभे करून, दात विचकून तो धावला तो थेट चुलीकडे. भाकरीच्या टोपलीपुढे पाय रोवून उभा राहिला आणि असा गुरगुरला की टोपलीतल्या भाकऱ्या गार पडल्या. लांडग्यानं टोपलीकडे ढुंकून पाहिलं नाही. कानतुटक्या मेंढीचं कोकरू उचललं आणि गेला. जाताना त्यानं काबऱ्याकडे बघून मान हलवली, असंही सांगतात. तू तुझं सांभाळ, मी माझं बघतो, अशा अर्थानं. मी काही तिथं नव्हतो.

मेंढक्यानं काठी उचलली. आत्या मध्ये आली.

"मारतोस कशाला? त्यानं राखण केली की. भाकरी एक तरी गेली का?"

"भाकऱ्या राखायला आणला होता का त्याला?"

"जिथं जेवला तेच घर त्यानं राखलं. मेंढरांत कधी जेवू घातलंस?" आत्यानं काबऱ्याच्या गळ्यातली दोरी धरली. "कोकरू माझं गेलं. आता हे कुत्रं माझं."

त्या दिवसापासून काबऱ्याचा मुक्काम वाघरीच्या आत. भाकरी तिथंच, पाणी तिथंच, झोप तिथंच. पोरांनी त्याला कुरवाळायचं नाही, की चुलीपाशी बोलवायचं नाही. पहिल्या दिवशी तो चुलीकडे तोंड करून असा रडला की घोड्यांनाही वाईट वाटलं. आत्याला वाटलं नाही.

खरी शिकवणी कानतुटक्या मेंढीनं घेतली. काबऱ्या उड्या मारत आला की ती डोकं खाली घाली आणि एकच धडक देई. तो कोलांटी खाऊन वाघरीत अडकून पडे. पुन्हा येई, पुन्हा पडे. शेवटी त्याच्या ध्यानात आलं, की मान खाली घालून, हळू, बाजूबाजूनं गेलं तर म्हातारी काही करत नाही. शेजारी बसूसुद्धा देते. एखाद्या कोकराची तंगडी धरलीच, तर आत्या त्याला तिथल्या तिथं खाली बसवी आणि अंगातलं वारं जाईपर्यंत हातानं दाबून ठेवी. मारत नसे, ओरडत नसे. हळूहळू कोकरं त्याच्या पाठीवरून चालत जाऊ लागली तरी तो डोळा उघडेना.

मेंढका वाघरीबाहेर उभा राहून हसे. "आत्ये, कुत्र्याची मेंढी करून टाकलीस. आता लोकर कधी कातरायची त्याची?"

"कातरीन की. तुझ्या तोंडावर टाकायला एक घोंगडं लागतंच."

पण कुत्रं तयार होतंय म्हटल्यावर नाव आपलं व्हावं असं मेंढक्याला वाटायला लागलं. तो म्हणाला, "लांडगा ओळखायला मात्र मीच शिकवणार. ते बाईमाणसाचं काम नाही."

त्यानं डोक्यावरून काळं घोंगडं घेतलं, चार पायांवर आला आणि वाघरीखालून आत रांगत जाऊन एका कोकराचा पाय ओढला. काबऱ्या शेपटी हलवत राहिला. मेंढका दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगला. गुडघे सोलवटले तरी गडी हटला नाही. अखेर एकदा कोकरू कळवळून ओरडलं, कानतुटकी बिथरली, आणि काबऱ्यानं झेप घेऊन घोंगडं असं पकडलं की ते सोडवायला सगळा वाडा जमला.

मेंढका खूश. तो सगळ्यांना सांगत सुटला, "माझा नेमच आहे तसा. वाघरीच्या तोंडानं येईल तो घरचा, वाघरीखालून येईल तो लांडगा. मग माझा बाप असला तरी सोडायचा नाही."

"बाप तुझा कशाला येतोय तसा," आत्या म्हणाली. "भला माणूस होता."

पुढे लांडगा आला तेव्हा काबऱ्यानं त्याला माळाच्या पलीकडपर्यंत पोचवलं. लांडग्यानं मग आपलं बिऱ्हाडच हलवलं.

अशात कानतुटकी पुन्हा व्याली. तिचे दात झिजले होते, हे शेवटचं वेत. झाला तो नर, चांगल्या हाडाचा. आत्यानं त्याच्या कपाळाला गेरू लावला आणि ठरवलं, की याला वाढवायचा, हाच आपल्या कळपाचा मेंढा. तिच्या म्हातारपणाचा सगळा आधार आता त्या टिळ्याखाली उड्या मारत होता.

आणि मेंढक्याच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे ठरले.

मेंढक्यानं निरोप धाडला होता, मटण खाऊनच जायचं. आता निरोप धाडायला काही लागत नाही, कोकरू मात्र लागतं. तो आपल्या कोकरांकडे बघायला लागला. एक फार देखणं होतं. एक अजून अंगानं भरायचं होतं. एकाची चाल तर त्याला आपल्या आजोबांसारखी वाटली. स्वतःच्या प्रत्येक कोकरात त्याला काही ना काही गुण दिसला. ज्यात एकही गुण दिसेना असं एकच कोकरू निघालं, ते आत्याचं.

दुपारची वेळ होती. मोठी मेंढरं चरायला गेली होती आणि लहान कोकरं वाघरीच्या आत काबऱ्याजवळ होती. आत्या पाण्याला गेलेली. वाघरीच्या तोंडाशीच बायका स्वयंपाकाला बसलेल्या, म्हणजे तिकडून आत जायची सोय नाही. मेंढक्यानं विचार केला, मागून जावं, कोकरू उचलावं, लांडग्यानं नेलं म्हणून सांगावं. लांडगा काय साक्ष द्यायला येतोय.

कुणी ओळखू नये म्हणून त्यानं डोक्यावरून काळं घोंगडं घेतलं, चार पायांवर आला आणि वाघरीखालून आत रांगत गेला.

काबऱ्यानं एक डोळा उघडला. मेंढक्यानं टिळेवाल्या कोकराचा पाय धरला. कोकरू ओरडलं. काबऱ्यानं दुसरा डोळा उघडला.

पुढच्या क्षणी मेंढका अर्धा वाघरीच्या आत आणि अर्धा बाहेर होता, आणि त्याचं धोतर काबऱ्याच्या दातांत होतं.

"अरे मी आहे, मी," तो दबक्या आवाजात म्हणाला. कमरेला बांधलेली भाकरी काढून त्यानं कुत्र्यापुढे टाकली. कधीकाळी ज्या भाकरीसाठी काबऱ्या लांडग्याशी भांडला असता, ती त्याच्या नाकापुढे पडली. त्यानं तिचा वाससुद्धा घेतला नाही. फक्त धोतर आणखी थोडं तोंडात घेतलं.

नेमके तेव्हाच पाहुणे आले. वाटेत त्यांना आत्या भेटली होती, घागर घेऊन तीही बरोबर होती. मुलाचा बाप इकडेतिकडे बघत म्हणाला, "मेंढके कुठं दिसत नाहीत?"

आत्यानं वाघरीकडे पाहिलं. घागर खाली ठेवली. "ते काय, तिथं आहेत. खाली बघा."

"आत्ये," घोंगड्यातून आवाज आला, "कुत्र्याला आवर. ओळखत नाही का हे मला?"

"ओळखतं की. तू कोण ते तूच शिकवलंस त्याला."

मेंढक्यानं घोंगड्यातून तोंड बाहेर काढलं. "पाव्हणं, मी जरा कुत्र्याची परीक्षा घेत होतो."

"पास झालं," पाहुणा म्हणाला. "आता कोकरू सोडा."

कोकराचा पाय सुटला तसं धोतर सुटलं. काबऱ्यानं कोकरू हुंगलं, जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि पुन्हा झोपला. मेंढक्याला त्या दिवशी आजोबांसारखं चालणारं कोकरू कापावं लागलं. पाहुण्यांनी चवीची तारीफ केली. मेंढक्यानं कोरडी भाकरी मोडली.

पाहुणे निघाले तेव्हा मेंढका त्यांना म्हणाला, "हे कुत्रं घेऊन जा तुम्ही. धन्यावर उलटलं. असलं जनावर आमच्या कामाचं नाही."

पाहुण्याचे डोळे चमकले. आत्यानंच दोरी आणून मेंढक्याच्या हातात दिली. "दे. तूच कारभारी आहेस. पण मग लांडगा येऊ नये म्हणून रात्री तू झोपायचं इथं. वाघरीखालची वाट तुला आता पाठ आहेच."

मेंढका दोरी धरून उभा राहिला. त्यानं माळाकडे पाहिलं, कोकरांकडे पाहिलं, फाटलेल्या धोतराकडे पाहिलं. मग दोरी गुंडाळून आत्याला परत दिली आणि पाहुण्यांना वाटेपर्यंत सोडायला गेला.

तेव्हापासून वाघरीत जायचं असलं, की मेंढका तोंडाशी थांबून डोक्यावरचं घोंगडं काढी आणि मगच आत पाऊल टाकी, थंडी असो की ऊन. काबऱ्या एक डोळा उघडून त्याला बघे आणि मिटून घेई. दुसरा डोळा उघडायची पाळी मेंढक्यानं पुन्हा येऊ दिली नाही.

तात्पर्य काढायचंच तर एवढं: पहारा खरा हवा असेल, तर तो एक दिवस आपल्यालाही अडवील, याची तयारी ठेवावी. धन्याची चोरी बघून डोळा मिटणारा राखणदार लांडग्यापुढेही डोळा मिटतो.