कवडीचे घुंगूर

एकदा एका आश्रमातली कुत्री नाहीशी झाली. पांढऱ्या अंगावर पिवळसर ठिपके होते म्हणून तिचे नाव कवडी. आश्रमातल्या एका तरुण शिष्याने ती एवढीशी असताना तिला नदीच्या पुरातून बाहेर काढले होते. पुढे तो पाठ म्हणायला बसला की ती त्याच्या पायाशी बसे. तो भिक्षेला निघाला की ती चार पावले पुढे. तिच्या गळ्यात त्याने लाल दोऱ्यात ओवलेले पितळी घुंगूर बांधले होते. घरदार सोडून आलेल्या त्या तरुणाला तेवढाच एक मायेचा जीव उरला होता, असे म्हटले तरी चालेल.

त्याने रान पालथे घातले, नदीकाठ धुंडाळला, हाका मारून मारून घसा बसला. कवडीचा पत्ता नव्हता. अन्न त्याच्या घशाखाली उतरेना.

अशात एका सकाळी गावचे पाटीलच धावत आश्रमात आले. "तुमच्या कुत्रीचं घुंगूर दिसलं! वडाखाली तो धारवाला उतरलाय ना, त्याच्या चाकाला बांधलंय."

शिष्य तसाच अनवाणी पळत सुटला. मागोमाग पाटील आणि त्यांचे गडी, हातात काठ्या घेऊन. गावोगाव फिरून विळ्या-कोयत्यांना धार लावणारा तो माणूस बायको-मुलीसह वडाखाली राहत होता. त्याच्या धारेच्या चाकाला खरोखरच ते घुंगूर लटकत होते. तोच लाल दोरा.  शिष्याने त्या माणसाची मानगूट धरली.

"माझी कवडी कुठंय? बोल!"

"महाराज, घुंगूर तेवढं मला..."

पुढचा शब्द फुटण्याआधीच शिष्याचा हात त्याच्या तोंडावर बसला. आयुष्यात प्रथमच त्याने कुणावर हात उगारला होता. माणसाच्या ओठातून रक्त आले. त्याची बायको किंचाळली, मुलगी तिच्या पदराआड लपली.

"हा असा नाही बोलायचा," पाटील म्हणाले. "बांधा रे याला झाडाला."

गड्यांनी त्याला ओढत नेले. इतक्यात मागून आवाज आला, "सोडा त्याला. कुत्री मी नेली आहे."

सगळे चमकून वळले. आश्रमाचे वृद्ध आचार्य धापा टाकत उभे होते.

उगारलेल्या काठ्या आपोआप खाली आल्या. आचार्यांच्या तोंडून कधी कुणी असत्य ऐकले नव्हते. त्यांच्या एका शब्दावर गावातले बांधाचे तंटे मिटत. शिष्य तर दगडासारखा उभा राहिला. ज्यांच्या पायाशी बसून तो सत्य म्हणजे काय ते शिकला, ते चोर?

पाटलांनी हात जोडले. "आचार्य, तुम्ही नेलीत म्हणजे काहीतरी कारण असणार. का नेलीत? कुठं ठेवलीत?"

"मला विचारलंत," आचार्य म्हणाले, "आणि माझ्या उत्तरासाठी थांबलातही." मग ते धारवाल्याजवळ गेले. "दादा, घुंगूर तुम्हाला कुठं मिळालं?"

त्या माणसाने बाहीने ओठ पुसला. "ओढ्याच्या वरल्या अंगाला, करंजाखाली. दोरा तुटून पडलं होतं. पोरीला खेळायला होईल म्हणून उचललं, चाक फिरताना वाजावं म्हणून त्याला बांधलं. तेच सांगत होतो."

पाटलांचा चेहरा पांढराफटक पडला. "करंजापाशी? तिथं तर माझाच खड्डा आहे. रानडुकरांसाठी खणलेला."

सगळे ओढ्याकडे धावले. खड्ड्यावर पसरलेल्या फांद्या एका बाजूला खचल्या होत्या, आणि तळाशी कवडी पडली होती. भुंकून भुंकून तिचा आवाज गेला होता. जो काही उमटला असेल, तो ओढ्याच्या खळखळाटात बुडाला होता. मागचा पाय सुजून टम्म झाला होता. पण ती जिवंत होती. शिष्य खाली उतरला तशी ती सरपटत त्याच्याकडे आली आणि त्याचा उजवा हात चाटू लागली. थोड्या वेळापूर्वी एका माणसाच्या रक्ताने माखलेला तो हात.  आनंद व्हायला हवा होता. तो झालाच नाही.

परतताना कवडी त्याच्या खांद्यावर होती. चालता चालता तो आचार्यांना म्हणाला, "गुरुदेव, तुम्ही हिला नेलं नव्हतंत."

"नाही."

"तुम्ही खोटं बोललात!"

"बोललो. उद्या गावापुढं तसं सांगणार आहे. यापुढं माझा शब्द लोक पारखून घेतील, आणि ते योग्यच आहे. तो डाग माझा." आचार्य थांबले. "'मारू नका' एवढंच म्हटलं असतं, तर म्हातारा भोळा आहे म्हणून मला बाजूला केलं असतंत. दुसरं काही मला त्या क्षणी सुचलं नाही. पण बाळा, त्याच्यावर नुसता संशय होता. मी तर कबुली दिली होती. तरी मार त्याला मिळाला आणि प्रश्न मला. आरोप एकच होता. फक्त माणूस बदलला. कवडीचा ठावठिकाणा त्याच्या ओठांवर होता, आणि तू नेमका त्या ओठांवरच मारलंस."

 शिष्याने कवडीला अलगद आचार्यांच्या हातांत दिले आणि तो वडाकडे वळला.

धारवाल्याची बायको सामान बांधत होती. शिष्याला येताना पाहताच त्या माणसाने नकळत आडवा हात तोंडावर धरला. ते पाहून शिष्य होता तिथेच थांबला. हात जोडून धुळीत बसला.

"दादा," तो म्हणाला, "मी तुमचा अपराधी आहे. तुम्हाला मला जे सांगायचं असेल, ते सांगा."

 तो ऐकायला बसून राहिला.