अगणित मनोरे आणि एक घर

एका डोंगरी संस्थानात रावजी बुरूड आणि त्याची बायको चंद्राक्का राहत होती. टोपल्या-सुपं विणून सुखानं पोट भरत होती. एकदा दरबारात दिगंतशास्त्री नावाचे मोठे विद्वान आले. आपल्या जगासारखी अगणित जगं आहेत, आणि जे जे घडू शकतं ते ते कुठल्या ना कुठल्या जगात घडतंच, असं त्यांनी राजाला पटवलं. त्याचं गणित मांडायला त्यांना टेकडीवर मनोरा हवा होता, आणि टेकडीवर नेमकं बुरडाचं घर.

घर पाडायचा हुकूम सुटला. रावजीनं हातपाय गाळले. चंद्राक्का मात्र पदर खोचून दरबारात गेली.

"शास्त्रीबुवा, ती जगं तुम्ही पाहिलीत?"

"ती दिसत नसतात, बाई. गणितातून कळतात."

"बरं. मग एखाद्या जगात आम्ही हसत घर दिलं असेल, तुमचा मनोराही झाला असेल?"

"एखाद्या काय, अगणित जगांत झाला असेल," शास्त्री मिशीत हसले.

"मग अगणित मनोरे मिळाले की तुम्हाला. या एका जगात आमचं घर राहिलं, तर तुमचं काय अडलं?"

"अगं, पण मी या जगात राहतो ना," शास्त्री बोलून गेले.

"आम्हीपण इथंच राहतो, बुवा."

राजाला हसू आवरेना. त्यानं हुकूम मागं घेतला आणि टेकडी बुरडाच्या नावावर करून दिली.

चंद्राक्का परतली, तर रावजी गाठोडी बांधून दारात बसलेला. "सोडा ती," ती म्हणाली, "आणि आधी घोटभर पाणी द्या मला." त्या टेकडीवर पुढं त्यांची नातवंडं-पतवंडं नांदली.