यसबाच्या शेडमधलं इंजिन

वाडीवर अजून वीज पोचली नव्हती, तेव्हाची गोष्ट. यसबाच्या लाकडाच्या वखारीत एक म्हातारं डिझेल इंजिन आणि एक नवी चेनसॉ असे. कामापुढे यसबाला जेवायलाही सवड नसायची.

एका संध्याकाळी चेनसॉ कुरकुरली, "आजोबा, माझे दात बोथट झालेत. मालक बघतसुद्धा नाही."

इंजिनाने सुस्कारा सोडला. "याचा बाप माझ्या आवाजात जरा खरखर आली, की हातातला घास ठेवून धावत यायचा. गेले ते दिवस, पोरी."

"मग मी काय करू?"

"थांब. बंद पड. त्याशिवाय तो तुझ्यापाशी बसायचा नाही."

दुसऱ्या दिवशी ऐन घाईत चेनसॉ खोडात रुतून बंद पडली. यसबाने दोरी ओढओढून पाहिली, चिडला आणि शेवटी कानस घेऊन शेडमध्ये बसला. एकेक दात घासताना त्याचा राग निवत गेला. मग त्याची नजर इंजिनाकडे गेली. त्याने खालचा नट सैल केला, तर डांबरासारखं काळं ऑइल गळू लागलं.

"बाबा रे," यसबा हळहळला, "असल्या ऑइलवर चाललास कसा इतके दिवस?"

 इंजिनाला स्वतःला थांबणं कधी जमलंच नव्हतं.