रंगूने प्राचार्यांना रंगवलं त्याची गोष्ट

धामणखोरे गावात रंगनाथ नावाचा एक मुलगा राहायचा. गाव त्याला भोळा म्हणायचं. मामी भोळा म्हणायची नाही. मामी जे म्हणायची ते इथे लिहिता येत नाही.

रंगूचे आईवडील लांब वस्तीवर असायचे. शिक्षणासाठी तो मामाकडे राहिला होता. वय एकोणीस. बारावी झाली होती, कशीबशी. पण पोराच्या हातात चित्रकला होती. समोर दिसेल ते तो काढायचा आणि दिसेल तस्संच काढायचा. एकदा त्याने भिंतीवर खुंटी काढली, तर मामाने आपली टोपी तिच्यावर तीनदा अडकवून पाहिली.

रंगूला जिल्ह्याच्या गावी कला महाविद्यालयात जायचं होतं. मागच्या वर्षी अर्जात 'येथे सही करा' असं लिहिलं होतं, तिथे त्याने 'सही करा' असं सुंदर अक्षरात लिहिलं आणि अर्ज बाद झाला. या वर्षी नाही जमलं तर त्याने मामाच्या दुकानात बसायचं, असं ठरलं होतं. मामाचं चावडीसमोर झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं. रंगूला दुकानात बसायचं नव्हतं. मामाला तर तो दुकानात नकोच होता. त्यामुळे त्याच्या प्रवेशासाठी मामा त्याच्यापेक्षा जास्त झटत होता.

अर्जासोबत पाच चित्रांचे फोटो पाठवायचे होते. मामाने आपला फोन रंगूच्या हातात दिला.

"नीट उजेडात काढ. आणि फोन तापला की थांब, गार होऊ दे."

रंगूने चाळीस फोटो काढले. फोन तापला. रंगू थांबला. मग त्याने फोन उचलून माठात सोडला आणि वर झाकण ठेवलं.

संध्याकाळी मामाने विचारलं, "फोन कुठाय?"

"गार होतोय."

मामाने माठात हात घातला. फोन गार झाला होता. कायमचा.

मामा बराच वेळ भिंतीवरच्या खुंटीकडे पाहत बसला. मग म्हणाला, "रंग्या, फोन पाण्यात घालत नाहीत. आणि भिजलाच तर लगेच तांदळात पुरून ठेवतात. तांदूळ ओल ओढून घेतो."

"आता ध्यानात ठेवतो," रंगू म्हणाला.

आणि त्याने ठेवलं. त्याची अडचणच ती होती, तो काही विसरायचा नाही.

मामा म्हणाला, राहू दे फोटो, चित्रंच आण, दुकानातल्या मशीनवर स्कॅन करू. रंगूला वाटलं, एक चित्र नवं काढावं. त्याने मामीच्या परसातल्या टाकीचं चित्र जलरंगात काढायला घेतलं. दोन दिवस बसला. टाकीच्या पाण्यातलं आभाळ असं उतरलं होतं की चिमणी येऊन कागदावर चोच मारून गेली. पण कागद ओला होता. आणि ओल ओढून घ्यायला काय लागतं हे रंगूला आता माहीत होतं.

त्याने चित्र मामीच्या तांदळाच्या पिंपात खोल पुरलं.

दुसऱ्या दिवशी मामीकडे तिच्या माहेरची माणसं जेवायला होती. मामीने भात वाढला. भात निळा होता. पाहुण्यांनी आधी मामीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. मामीचा भाऊ म्हणाला, "ताई, ही नवी जात आहे का तांदळाची?"

मामीने पिंप उपसलं. तळाशी चित्र सापडलं. आभाळभर तांदूळ चिकटला होता. पण रंगूला ते फार वाईट वाटलं नाही. तो म्हणाला, "ढग आल्यासारखं दिसतंय."

मामी जे म्हणायची ते म्हणाली. मग श्वास घेऊन म्हणाली, "ओलं चित्र तांदळात पुरत नाहीत, रंगनाथा. दोरीला चिमट्यांनी टांगायचं. वारं लागलं की आपोआप वाळतं. काहीही ओलं दिसलं की दोरी. कळलं?"

"कळलं. ओलं दिसलं की दोरी."

गावात पिसाळ सर म्हणून निवृत्त चित्रकला शिक्षक होते. अंगाने काडी, बोलायला मऊ. महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून द्यायला ते स्वतःहून घरी येत असत, कारण तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असा हात दुसरा दिसला नव्हता. असं डोकंही दिसलं नव्हतं, पण ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी ते येत असताना वाटेत नळपाणी योजनेचा पाइप फुटला आणि सर डोक्यापासून पायापर्यंत भिजले. तसेच दारात आले.

"रंगनाथ, जरा टॉवेल देतोस का?"

रंगूने सरांकडे पाहिलं. सर ओले होते. त्याला मामीचे शब्द आठवले. त्याने सरांना अलगद परसात नेलं, बादली उपडी करून तिच्यावर उभं केलं, सदऱ्याचे दोन्ही खांदे, बाह्या आणि कॉलर दोरीला चिमटे लावून पक्की केली. एकोणीस चिमटे लागले. मग पायाखालची बादली काढून घेतली.

सर झुलू लागले. वारं चांगलं होतं.

"रंगनाथ," सर थोड्या वेळाने म्हणाले, "हे काय आहे?"

"तुम्ही ओले होतात सर."

सर एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊन परत आले. तेवढा वेळ त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "बाळ, माणसाला असं परस्पर काही करत नाहीत. माणूस आला की आधी बसा म्हणावं. पाणी विचारावं. काय हवं-नको पाहावं. अंगाला हात लावायच्या आधी तर परवानगीच घ्यावी. ही रीत आहे."

"आता ध्यानात ठेवतो," रंगू म्हणाला आणि त्याने सरांना उतरवून घेतलं. सर खडखडीत वाळले होते, हे मात्र खरं.

सर तरीही त्या दिवशी शिकवून गेले. परीक्षेत मुक्तहस्तचित्राचा भाग असतो, म्हणजे पट्टी नाही, कंपास नाही, मोकळ्या हाताने काढायचं, असं त्यांनी समजावलं. रंगूने पट्टी ठेवली, कंपास ठेवला, मग पेन्सिलही खाली ठेवली आणि रिकामा हात कागदावरून दोन तास फिरवला. घाम फुटला. सरांनी कोरा कागद पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून ते पेन्सिल रंगूच्या बोटांना रबराने बांधू लागले.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला. रंगू पाचही चित्रं घेऊन मामाच्या दुकानात गेला. मामा बबन कारभारी नावाच्या माणसाचा शाळा सोडल्याचा दाखला लॅमिनेट करत होता. मामा भजनी मंडळात होता, त्यामुळे गळ्यात उपरणं. वाकून दाखला आत सरकवताना उपरण्याचं टोकही त्याच्यासोबत आत गेलं. मशीन काही परत देत नव्हतं. उपरणं आत जात राहिलं आणि त्याच्या मागोमाग मामाही निघाला.

"रंग्या," मामा म्हणाला. त्याची हनुवटी मशीनला टेकली होती.

रंगूला रीत आठवली. माणूस समोर होता. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"मामा, बसा."

"बटण," मामा म्हणाला.

"पाणी देऊ?"

"बटण, रंग्या. लाल."

"लाल पाणी नाही. साधं आहे." त्याने तांब्या भरून मामाच्या कानाशी आणून धरला, कारण तोंड मशीनच्या बाजूला होतं. "आणखी काही हवं-नको?"

मामाचा चेहरा बटणाच्या रंगाचा झाला. रंगूने हात जोडून विचारलं, "मामा, तुमच्या अंगाला हात लावला तर चालेल का?"

शेवटी बबनने पुढे होऊन वायर ओढली.

उपरण्याच्या टोकाला बबनचा दाखला कायमचा चिकटला. आता बबनला कुठेही दाखला दाखवायचा असला तर उपरणं न्यावं लागतं, आणि मामा उपरण्याशिवाय भजनाला जात नाही म्हणून मामालाही न्यावं लागतं.

मामाने आधी अर्ज भरला. सही स्वतः समोर बसून करून घेतली. मग मान चोळत म्हणाला, "ऐक. काम समोर दिसतंय, तर विचारत बसायचं नाही. बसा नाही, पाणी नाही, परवानगी नाही. सांगितलं की सरळ हात घालायचा. कळलं?"

"कळलं. सांगितलं की सरळ हात घालायचा."

"परीक्षेतही हेच. उगाच शंका काढत बसलास तर वेळ जाईल."

"नाही काढत."

परीक्षेच्या दिवशी मामा स्वतः एसटीने सोबत गेला आणि फाटकाबाहेर झाडाखाली बसला. रंगू आत गेला. व्हरांड्याच्या भिंतींवर जुन्या विद्यार्थ्यांची चित्रं लावलेली होती, त्यांच्यासमोरून जाताना त्याची पावलं हळू झाली. एवढी चित्रं एका जागी त्याने कधी पाहिली नव्हती. इथेच राहायचं, त्याने मनाशी म्हटलं. काहीही झालं तरी आज सांगतील ते चोख करायचं.

पेपर व्यक्तिचित्राचा होता. समोर बसायला ठरवलेला माणूस आलाच नाही, म्हणून प्राचार्य स्वतःच खुर्चीत येऊन बसले. बुटके, गोल, पांढऱ्या मिशा, जाड चष्मा. तोरणे मॅडम पर्यवेक्षक होत्या. त्या म्हणाल्या, "हे समोर बसलेत, यांना रंगवा. जसे दिसतात तसे. दोन तास आहेत. कुणी कुणाला काही विचारायचं नाही." एवढं सांगून त्या शेजारच्या वर्गात गेल्या. प्राचार्यांना पाच मिनिटांत झोप लागली.

रंगूने इकडेतिकडे पाहिलं. सगळी मुलं कागद रंगवत होती. मॅडमनी तर प्राचार्यांना रंगवा म्हटलं होतं. शहरातली एवढी शिकलेली मुलं, आणि साधं ऐकता येत नाही, याचं त्याला वाईट वाटलं. पण विचारत बसायचं नव्हतं. त्याने पोस्टर कलर कालवले, ब्रश घेतले आणि सरळ हात घातला.

आधी बूट केले. काळ्यावर काळा. मग पँट, मग सदरा. सदऱ्याचा मळकट पांढरा जमायला त्याला बराच वेळ लागला. खिडकीतून ऊन उजव्या गालावर पडलं होतं, तिथे त्याने पिवळा लावला. नाकाखाली सावली होती, तिथे फिकट जांभळा. मिशा शून्य नंबरच्या ब्रशने एकेक केस केल्या. प्राचार्य झोपेत दोनदा शिंकले, तेवढं पुन्हा करावं लागलं. चष्म्याच्या काचांत खिडकी दिसत होती, तर काचांवर त्याने खिडकी काढली, गजांसकट.

बाकीच्या मुलांना जसं दिसतंय तसं काढायचं होतं. आता समोर प्राचार्य दिसत होते आणि त्यांच्याभोवती ब्रश घेऊन फिरणारा एक मुलगा. मुलांनी तोही काढला. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने तर त्याच्या चपलेचा तुटका अंगठा फार मन लावून काढला.

दोन तास होत आले तेव्हा मॅडम परत आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे काय केलंस?"

"रंगवलं," रंगू म्हणाला.

"तुझा कागद कोरा आहे."

"कागदाचं तुम्ही काही बोलला नव्हता."

बोलण्याने प्राचार्य जागे झाले. त्यांनी डोळे उघडले, मान इकडेतिकडे फिरवली. "लाइट गेली का, मॅडम?"

मॅडम जवळ गेल्या. त्यांनी प्राचार्यांच्या नाकाखालची जांभळी सावली पाहिली, गालावरचं ऊन पाहिलं. त्या तिथे बावीस वर्षं शिकवत होत्या, पण अशी सावली त्यांना स्वतःलाही कधी जमली नव्हती. क्षणभर त्या सगळं विसरून बघत राहिल्या. रंगू पसंतीची वाट पाहत होता.

मग प्राचार्यांनी स्वतःच्या गालाला बोट लावलं, बोट नाकाशी नेऊन हुंगलं, आणि मॅडम भानावर आल्या. त्यांनी रंगूकडे बोट दाखवून दारातल्या शिपायाला सांगितलं, "याला आधी बाहेर काढा."

बोट आपल्याकडे म्हणजे सांगणंही आपल्यालाच, असं रंगूला वाटलं आणि त्याच्या जिवात जीव आला. म्हणजे चित्र पसंत पडलं होतं, आणि आता दुसरा पेपर होता. फक्त एक गोष्ट त्याला खटकली.

"मॅडम, 'याला' नका म्हणू," तो हळूच म्हणाला. "वयाने मोठे आहेत. पण बाहेर काढतो. तिथे उजेडही बरा आहे."

आणि सांगितल्यावर विचारत बसायचं नसतं, म्हणून त्याने ब्रश दातांत धरला, कोरा कागद काखेत मारला, खुर्ची प्राचार्यांसकट उचलली आणि व्हरांडा ओलांडून निघाला. शिपाई बाजूला झाला. तिकडे झाडाखाली बसलेल्या मामाने आपल्या भाच्याला एक अख्खा माणूस घेऊन येताना पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

रंगूने खुर्ची भर उन्हात, मैदानाच्या मधोमध ठेवली आणि दोन पावलं मागे होऊन डोळे बारीक केले.

"काय चाललंय?" प्राचार्यांनी चष्म्यातल्या खिडकीआडून विचारलं. "मी कुठाय?"

"हलू नका सर, अजून ओले आहात," रंगू म्हणाला. "आणि जरा वळून बसता का? पाठ राहिलीय."