फास आणि मुकुट

ग्रीकांच्या लायसा नगरात एक रीत होती. नवा कायदा सुचवणाऱ्याने गळ्यात फास अडकवूनच सभेत उभं राहायचं. लोकांनी नकार दिला, की फास तिथल्या तिथं आवळला जायचा. त्यामुळे गटारं बांधायचा कायदा करा म्हणायलाही कुणी धजत नसे.

त्या दिवशी मात्र सेनापती थ्रासोन डोक्यावर फुलांचा मुकुट मिरवत आला आणि गरजला, "शेजारच्या नगरावर चालून जाऊ!"

म्हातारा मेलान्थोस उठला. मागच्या लढाईने त्याचे दोन मुलगे गिळले होते. आता धाकट्याची पाळी होती.

"सेनापती, तुमचा फास कुठाय?"

थ्रासोन हसला. "म्हातारबा, फास कायद्याला लागतो. युद्धाला कशाला?"

"खरंय तुमचं. कायद्यासाठी स्वतःची मान पुढे करावी लागते. युद्धासाठी आमच्या पोरांच्या माना आहेतच की."

 सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. थ्रासोन ओशाळला आणि त्याने मुकुट काढून ठेवला.

मग मतासाठी हात वर झाले. टाळ्या वाजवणारेच हात होते ते. युद्ध मंजूर झालं.

मेलान्थोस घरी गेला आणि धाकट्याच्या ढालीचा तुटका पट्टा शिवायला बसला.